पाऊल ‘सरळ’ करायला जाऊ नका: धावणाऱ्या सायकलस्वारांच्या नेहमीच्या चुका

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी मला स्वतःच्या धावण्याचा, पाठीमागून काढलेला स्लो मोशन व्हिडिओ पाठवतं. ‘पाऊल बाहेर वळतंय, सरळ कसं करू?’ मी उलट विचारतो, दुखतंय का? बहुतेकांचं उत्तर ‘नाही’. मग कशाला हात लावायचा?

चिडचिड होते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे आणि अगदी यथासांग केली आहे. माझं उजवं पाऊल लहानपणापासून फेंगडं. व्हिडिओत ते दिसलं आणि मी मनावर घेतलं. धावताना अंगठा जबरदस्तीने समोर ठेवायला लागलो. तेवढ्यावर न थांबता सायकलच्या बुटांचे क्लीट, म्हणजे बुटाला पेडलमध्ये अडकवणाऱ्या तळव्याखालच्या पट्ट्या, फूटपट्टी लावून अगदी सरळ बसवले, तेही लाल. शिमानो कंपनीच्या रोड क्लीटमध्ये पिवळ्याला ६ अंश फ्लोट, म्हणजे अडकवलेलं पाऊल डावी-उजवीकडे वळायची मोकळीक, असतो, निळ्याला २ आणि लालला शून्य. म्हणजे लाल क्लीटवर पाऊल जसं अडकवलं तसंच खिळलं. मिनिटाला ९० फेरे धरले तर तासाला ५४०० वेळा गुडघा त्याच कोनात वाकणार. धावताना निदान प्रत्येक पाऊल थोडं वेगळं पडतं. पेडल ती मोकळीक देत नाही.

चौथ्या आठवड्यात उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टोचायला लागलं. मी दोष दिला धावायच्या बुटांना. नवे आणले, दुखणं तसंच. मग कुठे क्लीट आठवले. पाऊल बाहेर जायला हवं ना, म्हणून क्लीटचं टोकही बाहेर वळवलं, आणि दोन दिवसांत जिना उतरताना कठडा धरायची वेळ आली. गंमत अशी आहे की पेडल जागचं हलत नाही, बूट फिरतो. त्यामुळे क्लीटचं टोक अंगठ्याच्या बाजूला वळवलं की पाऊल बाहेर वळतं, आणि करंगळीच्या बाजूला वळवलं की आत. मी नेमकं उलटं केलं होतं. हे वाक्य दोनदा वाचा, कारण पाना हातात घेतल्यावर दहातले आठ जण इथेच गडबडतात.

आता माझी पद्धत: उंच टेबलावर बसायचं, गुडघे समोर, पाय लोंबकळते. पावलं कुठे बघतात ते पाहायचं. गुडघा समोर आणि पाऊल बाहेर असेल, तर बहुधा नडगीच्या हाडालाच तसा पीळ आहे. तो व्यायामाने जात नाही. क्लीट त्या कोनाला जुळवायचे, पिवळेच वापरायचे, जुन्या जागेभोवती मार्करने रेघ मारायची आणि एका वेळी एक-दोन मिलिमीटरच सरकवायचं. मग चार-पाच फेरफटके होईपर्यंत पान्याला शिवायचं नाही. हे शेवटचं कुणीच पाळत नाही. एका संध्याकाळी तीनदा क्लीट हलवणारा माणूस नंतर मला विचारतो, नक्की कशाने बिघडलं? मी कसं सांगणार?

अपवाद आहे. वळण पूर्वी नव्हतं आणि अलीकडे दिसायला लागलं असेल, तर घोटा तपासा. पायाची बोटं भिंतीपासून हाताच्या चार बोटांइतकी दूर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून बघा. लागत नसेल तर घोटा आखडलाय, आणि पाऊल बाहेर वळवून शरीर पळवाट काढतंय. इथे मात्र पोटरी ताणायची, रोज.

दुसरी लाडकी चूक म्हणजे सायकलवर कमावलेल्या दमाच्या जोरावर धावणं. तीन-चार तास सायकल मारणारा माणूस पहिल्याच आठवड्यात दहा किलोमीटर धावतो, कारण त्याला धाप लागत नाही. पण सायकलवर पावलाला आपटणं माहीतच नसतं. धावताना प्रत्येक पाऊल वजनाच्या दोन ते तीन पट भाराने टेकतं, आणि तो भार झेलताना पोटरीचा स्नायू ताणला जात असतानाच ओढ धरतो. सायकल हे काम शिकवत नाही. त्यातच कुणीतरी सांगतं, नैसर्गिक धावणं म्हणजे चवड्यावर धावणं. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकली, हा दाखला हमखास येतो. बिकिला त्याआधीही अनवाणी धावत होता हो! तुम्ही कालपर्यंत जाड टाचेच्या बुटात होतात. टाचेवरून चवड्यावर गेलात की गुडघ्यावरचा भार पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर जातो, नाहीसा होत नाही. मी नवख्यांना पहिले दोन महिने एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल एवढंच देतो. त्यांना अपमान वाटतो. वाटू दे.

सायकलवर ९० केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) म्हणून धावताना मिनिटाला १८० पावलं, हे गणित छान जुळतं, म्हणूनच फसवतं. १८० चा आकडा प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधले धावपटू मोजले तिथून आला. ते शर्यतीच्या वेगात होते, तुम्ही नाही. स्वतःची पावलं मोजा आणि पाय शरीराच्या फार पुढे पडत असेल तरच पाच टक्के वाढवा.

ओल्या तळव्याचा ठसा बघून बूट निवडणं सोडा. अमेरिकी सैन्यातल्या रंगरुटांना पावलाच्या आकारावरून बूट देऊन पाहिले, दुखापती कमी झाल्या नाहीत. घालून धावल्यावर जो बूट विसरला जातो तो आपला.

सायकलवरून उतरल्या उतरल्या वेगात धावू नका. कंबर वाकलेलीच राहते, पावलं घासतात. पाच मिनिटं संथ, ताठ. आणि ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि धावणं लागोपाठ असलेली शर्यत) करणार नसाल तर हा प्रकार हवाच कशाला?

पावलं एकमेकांच्या रेषेवर पडत असतील तर पावलांकडे बघू नका, खुब्याच्या बाजूचे स्नायू वाढवा. एका पायावर उभं राहून दात घासणं मला पुरतं.

हे सगळं किरकोळ कुरकुरीसाठी आहे. गुडघा सुजला असेल, किंवा नडगीच्या हाडावर बोट ठेवल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, तर क्लीट, बूट, व्हिडिओ सगळं बाजूला ठेवा, धावणं बंद करा आणि डॉक्टरकडे जा. व्हिडिओ मला नंतर पाठवा.