खासगी रजिस्ट्रीत कंटेनर इमेज कशा ठेवाव्यात आणि सर्व्हरवर कशा चालवाव्यात

कंटेनर इमेज म्हणजे ॲप आणि त्याला लागणाऱ्या साऱ्या गोष्टींचे एकत्र बांधलेले पॅकेज, आणि अशा इमेज साठवून ठेवणारी सेवा म्हणजे रजिस्ट्री. कंटेनर बनवून चालवणाऱ्या डॉकर या साधनाने स्वतःची रजिस्ट्री चालवण्यासाठी ‘रजिस्ट्री’ याच नावाची तयार इमेज दिलेली आहे. ती ५००० क्रमांकाच्या पोर्टवर चालते. सुरू करतानाच तिचा डेटा साठवणारा फोल्डर सर्व्हरच्या डिस्कशी जोडून घ्यावा, म्हणजे पुढे कंटेनर बदलला तरी साठवलेल्या इमेज जागेवर राहतात.

लोकलहोस्ट वगळता इतर पत्त्यांवर डॉकर एचटीटीपीएसचा, म्हणजे सांकेतिक जोडणीचाच, आग्रह धरतो. रजिस्ट्रीचा पत्ता ‘इन्सिक्युअर रजिस्ट्रीज’च्या यादीत टाकून ही अट टाळता येते, पण मग लॉगिनचा पासवर्ड नेटवर्कवरून उघडा जाऊ शकतो, म्हणून एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र आधी बसवावे. पासवर्डची फाइल एचटीपासडब्ल्यूडी या साधनाने बनवताना बीक्रिप्ट या पासवर्ड गुप्त करण्याच्या पद्धतीचा पर्याय आठवणीने द्यावा, कारण रजिस्ट्री दुसरा कोणताही प्रकार स्वीकारत नाही.

यानंतर इमेजला रजिस्ट्रीचा पत्ता, प्रकल्पाचे नाव आणि आवृत्ती असलेला टॅग लावून ती पुश करावी, म्हणजे रजिस्ट्रीत पाठवावी. इमेज थरांनी बनलेली असते; जे थर रजिस्ट्रीत आधीच असतात, त्यांच्यापुढे ‘लेअर ऑलरेडी एक्झिस्ट्स’ असे उमटते आणि ते पुन्हा पाठवले जात नाहीत. अखेरच्या ओळीत ‘एसएचए२५६’ने सुरू होणारा डायजेस्ट, म्हणजे त्या इमेजची ओळख पटवणारा सांकेतिक क्रमांक, दिसतो. तो जपून ठेवावा.

टॅग ही केवळ चिठ्ठी असते, ती काढून दुसऱ्या इमेजला चिकटवता येते. डायजेस्ट मात्र इमेजच्या आशयावरूनच निघतो. आम्ही एकदा बिलांच्या हिशेबातील चूक दुरुस्त करून इमेज ‘१.४.२’ या जुन्याच टॅगने पुश केली. ज्या नोडवर, म्हणजे समूहातील ज्या सर्व्हरवर, त्या टॅगची इमेज आधीपासून होती, त्याने नवी खेचलीच नाही, कारण टॅग ‘लेटेस्ट’ नसेल तर कुबरनेटीस (अनेक सर्व्हरवर कंटेनर चालवणारी प्रणाली) मुळात जवळचीच प्रत वापरते. एकाच बिलाच्या दोन वेगवेगळ्या बेरजा ग्राहकाला दिसल्या, तेव्हा कुठे ते आमच्या लक्षात आले. तेव्हापासून प्रत्येक बिल्डला आम्ही नवा टॅग देतो आणि मुख्य सर्व्हरच्या कुबरनेटीस मॅनिफेस्टमध्ये (काय चालवायचे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) डायजेस्टच लिहितो.

कुबरनेटीसला रजिस्ट्रीच्या लॉगिनची माहिती सीक्रेटमधून, म्हणजे गुप्त माहिती ठेवण्याच्या त्याच्या नोंदीतून, द्यावी आणि ‘इमेज पुल सीक्रेट्स’मध्ये त्याचे नाव लिहावे. सीक्रेट पॉडच्याच (कंटेनर ज्यात चालतो त्या एककाच्या) नेमस्पेसमध्ये, म्हणजे कुबरनेटीसच्या त्याच विभागात, नसेल, तर ‘इमेजपुलबॅकऑफ’ ही इमेज खेचता न आल्याची त्रुटी दिसत राहते.

जुन्या इमेज काढण्यासाठी रजिस्ट्रीच्या सेटिंगमध्ये डिलीटची परवानगी द्यावी लागते. इमेजचा मॅनिफेस्ट, म्हणजे रजिस्ट्रीतील तिच्या थरांची यादी, काढल्याने डिस्क लगेच मोकळी होत नाही, त्यासाठी गार्बेज कलेक्शन, म्हणजे वापरात नसलेले थर पुसण्याची प्रक्रिया, चालवावे. त्या वेळी रजिस्ट्री बंद किंवा केवळ वाचनापुरती खुली ठेवावी, अन्यथा कोणी त्याच क्षणी पुश करत असलेल्या इमेजचे थर पुसले जाऊ शकतात.