यादीतल्या सभासदाला व्यवहारात कसं आणायचं

शेतकरी गट मोठा म्हणजे मजबूत, असं समजू नका. अनुदानापुरती आधारची झेरॉक्स देऊन गेलेला सभासद वेगळा, आणि गटाकडून बियाणं घेऊन गटालाच सोयाबीन घालणारा वेगळा. दहा टनांचा ट्रक सहा टनांवर निघाला तरी भाडं पूर्णच पडतं. ती तूट निष्ठेनं माल घालणाऱ्यांच्या दरातून जाते, मग पुढच्या वर्षी तेही बाहेर विकतात.

आधी हजेरीवही मिटून व्यवहाराची वही उघडा. प्रत्येक नावापुढे लिहा: गेल्या हंगामात गटातून खत-बियाणं किती घेतलं, माल किती क्विंटल घातला.

ज्यांच्यापुढे काहीच नाही, त्यांच्या घरी दोन साध्या सभासदांना पाठवा. अध्यक्षांच्या तोंडावर कोण खरं बोलतं? कारण बहुधा पैशाचं निघतं. व्यापारी काट्यावर रोख देतो, गट पंधरा दिवस लावतो. किंवा पेरणीला त्याच व्यापाऱ्याची उचल घेतलेली असते. इथे एकीवर भाषण देऊन उपयोग नाही. माल उतरताच ठरलेली रक्कम द्या, बाकी विक्रीनंतर. वजन आणि ओलावा शेतकऱ्यासमोर मोजून पावती हातात द्या. दरही प्रतीप्रमाणे वेगळा हवा. सगळ्यांना एकच भाव दिला, तर चांगला माल व्यापाऱ्याकडे जातो आणि गटाच्या गोदामात डागी उरतो. गट बुडण्याचं हे कारण बैठकीत कुणी काढत नाही.

मग बैठक. दिवस पक्का ठेवा, वेळ बायकांनाही जमेल अशी. शेतात राबणारी ती आणि सातबारा नवऱ्याचा म्हणून सभासद तो, हे जमेल तिथे बदला.

गट उत्पादक कंपनी, म्हणजे शेतकरीच भागधारक असलेली नोंदणीकृत कंपनी, झाला असेल, तर वार्षिक सभेला निदान एक चतुर्थांश सभासद लागतात. चारशे नावं म्हणजे शंभर माणसं बसवायची. फुगवलेली यादी इथे अंगाशी येते. वैयक्तिक सभासदाला शेअर कितीही असले तरी मत एकच असतं, हे नव्यांना आवर्जून सांगा.

नफा उरला तर कंपनीच्या कायद्यात व्यवहाराच्या प्रमाणात बोनस देण्याची सोय आहे. ती वापरा, आणि कुणाला किती क्विंटलवर किती मिळाला तो तक्ता सभेत मोठ्यानं वाचा.