पहिल्यांदा स्कीइंगला जाताय? तयारी पायांपासून सुरू करा

स्कीइंगची सुट्टी ठरली की बहुतेक जण आधी जॅकेट शोधायला लागतात. फोटोत तेच दिसतं ना! पण सुट्टीचा विचका होतो तो पायांपायी. बूट चावले, मोजे ओले झाले, नडगी सोलवटली, की डोंगर कितीही देखणा असो, माणूस दुपारीच खोलीवर येऊन पडतो. म्हणून खरेदीची यादी करताना पायांपासून सुरुवात करा आणि जॅकेट शेवटी ठेवा.

१. आधी वाटणी करा: विकत काय, भाड्यानं काय

स्कीज, काठ्या, बूट आणि हेल्मेट भाड्यानं घ्या. स्कीइंग आपल्याला आवडतंय की नाही हे कळायच्या आत ही खरेदी करण्यात अर्थ नाही, शिवाय विमानात हे धूड न्यायचं म्हणजे डोक्याला ताप. जॅकेट आणि पँट ओळखीतल्या कुणाची मापाची मिळाली तर बिनधास्त मागून घ्या. स्वतःचे हवेत ते मोजे, आतले कपडे, हातमोजे आणि गॉगल. अंगाला लागून राहणाऱ्या वस्तूंवर पैसे खर्च करा, बाकी ठिकाणी हात आखडता घेतला तरी चालेल.

२. मोजे आणि बूट

स्कीइंगचे मोजे गुडघ्याच्या खालपर्यंत येतात आणि वाटतात त्यापेक्षा पातळ असतात. थंडी वाजेल म्हणून एकावर एक दोन जोड चढवू नका. आत सुरकुत्या पडतात, पाय आवळला जातो, रक्त नीट खेळत नाही आणि बोटं उलट जास्त गार पडतात. दोन-तीन जोड न्या, रोज धुतलेला किंवा निदान पूर्ण वाळलेला घाला. बुटात मोज्याखेरीज काहीही जाता कामा नये. थर्मल पँटची कडसुद्धा नडगीवर आली तर संध्याकाळपर्यंत वळ उमटतो.

बूट भाड्यानं घेताना भिडेखातर गप्प बसू नका. पाय आत घालून ताठ उभं राहिल्यावर बोटांची टोकं पुढे हलकीच टेकली पाहिजेत, आणि गुडघे पुढे वाकवले की ती मागे सरकली पाहिजेत. टाच वर उचलून बघा. ती जागची हलत असेल तर एक माप लहान मागा. बूट घट्ट लागणारच, पण एकाच ठिकाणी टोचत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील तर तो बदलून घ्या. पहिल्या दिवशी बूट बदलायला जाणं अगदी नेहमीचं आहे, दुकानवाल्यांना त्याचं काही वाटत नाही.

तिथेच तुमचं वजन, उंची, वय आणि तुम्ही किती शिकलेले आहात हे विचारतील. ते खरं सांगा. या माहितीवरून आणि बुटाच्या तळाच्या लांबीवरून बाइंडिंगचा (बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या खटक्याचा) आकडा ठरतो, म्हणजे पडल्यावर स्की बुटापासून किती जोर आल्यावर सुटेल ते. वजन चोरलंत किंवा ‘मला जमतं’ अशी फुशारकी मारलीत तर त्याची किंमत गुडघ्याला मोजावी लागू शकते. नवख्यांसाठी स्कीची उंची साधारण हनुवटीच्या आसपास असते. आखूड स्की वळवायला सोपी.

३. कपडे: तीन थर, सुती एकही नाही

सुती कापड घाम धरून ठेवतं आणि लिफ्टवर (डोंगरावर नेणाऱ्या उघड्या पाळण्यात) बसल्यावर तोच घाम गारठवतो. म्हणून अंगालगतचा थर मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा, त्यावर फ्लीस आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. जॅकेटच्या लेबलवर पाणी अडवण्याचा आकडा असतो, १०,००० मिमी असला तर पुरे. पँटही जलरोधकच हवी, कारण पहिले दोन दिवस तुमचा बराचसा मुक्काम बर्फावर बसूनच असणार. जीन्स संध्याकाळी फिरायला ठेवा.

मफलर नको. त्याची टोकं लिफ्टमध्ये अडकू शकतात. गळ्याला नळीसारखी पट्टी चांगली.

४. डोळे, कातडी, हात

थंडी असली की उन्हाकडे दुर्लक्ष होतं. दर १,००० मीटर चढाईला अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणून हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या आतल्या कडेलाही सनस्क्रीन लावा. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, आणि जेवणाच्या वेळी पुन्हा. ओठांसाठी वेगळा बाम लागतो. ढगाळ दिवशीही गॉगल काढू नका, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होणारा हिमांधळेपणा अशाच दिवशी गाठतो. गॉगल विकत घेताना काचेची श्रेणी, म्हणजे काच किती गडद आहे ते बघा. एकच घ्यायचा असेल तर मधली, श्रेणी २.

हातमोजे जलरोधक हवेतच. ज्यांची बोटं चटकन गार पडतात त्यांनी चार बोटं एकत्र राहणारे घ्यावेत.

५. विम्याचे कागद नीट वाचा

साध्या प्रवासविम्यात बऱ्याचदा हिवाळी खेळ धरलेले नसतात. डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च, हेलिकॉप्टर आणि दुसऱ्याला इजा झाल्यास द्यावी लागणारी भरपाई या तीन गोष्टी त्यात आहेत का ते बघा. इटलीत तर १ जानेवारी २०२२ पासून तिसरी बाब स्की करणाऱ्याला सक्तीची आहे. आखलेल्या उताराबाहेरचं स्कीइंग बहुधा वगळलेलं असतं, पण नवख्याला तिकडे जायचं कारणही नाही.

६. पहिला दिवस

काहीही झालं तरी शिकवणी लावा. स्की येणारा मित्र ‘मी शिकवतो’ म्हणाला तर त्याचे आभार मानून नकार द्या. मैत्री टिकेल.

सकाळी नुसतं बूट घालून चालणंच कसरत वाटेल. वरचे बकल सैल ठेवून, टाच आधी टेकवत चाला. लिफ्टचा पास डाव्या खिशात ठेवा, फाटकावरचं यंत्र सहसा त्याच बाजूला असतं. मोबाइल मात्र दुसऱ्या खिशात. पहिले काही तास सरकत्या पट्ट्यावरून थोडं वर जायचं आणि स्कीजची टोकं जवळ, टाचा लांब अशा पाचरीच्या आकारात थांबायला शिकायचं, एवढंच. वेग वाढला की अंग आपोआप मागे झुकतं आणि तिथेच ताबा सुटतो. नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबून ठेवा.

पडणार तर आहातच. पडायची वेळ आली की बाजूला बसल्यासारखं पडा आणि घसरणं थांबेपर्यंत उठायची घाई करू नका. काठीचा पट्टा मनगटात अडकवून पडल्यास अंगठा मुरगळतो, त्यामुळे सुरुवातीला पट्टा न घातलेलाच बरा. उठताना स्कीज उताराला आडव्या करा, नाहीतर उभं राहता राहताच पुन्हा निघाल.

७. उतारावरचे रंग आणि नियम

युरोपात सोप्याकडून अवघडाकडे निळा, लाल, काळा असा क्रम असतो. काही देशांत निळ्याच्याही आधी हिरवा. उत्तर अमेरिकेत हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा. पण एका ठिकाणचा निळा दुसरीकडच्या लाल उताराइतका अवघड निघू शकतो, म्हणून आधी नकाशा बघा आणि शिक्षकाला विचारा.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे १० नियम १९६७ पासून आहेत. त्यांतला नवख्यानं पाठच करावा असा नियम म्हणजे पुढच्याला, खालच्याला सांभाळायची जबाबदारी मागून येणाऱ्याची. थांबायचं ते कडेला, अरुंद जागी किंवा चढावाआड नाही. निघताना वर बघायचं.

८. दमल्यावर

मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलायला लागतात. जायच्या काही आठवडे आधी रोज जिने चढलात आणि बैठका मारल्यात तर त्या जरा उशिरा बोलतील. दुपारनंतर उतारावरचा बर्फ कुठे ढेकळं धरतो, कुठे पुन्हा गोठतो, आणि नेमके तेव्हाच पाय दमलेले असतात. ‘अजून एकदा’ म्हणावंसं वाटलं तर लिफ्टनंच खाली या. बहुतेक पाळणागाड्यांतून खालीसुद्धा येता येतं. खोलीवर गेल्यावर बुटाचा आतला मऊ भाग सैल करून वाळत ठेवा, पण हीटरला चिकटवू नका.