पाड्यावरची सिकलसेल चाचणी: द्रावण सांभाळा

नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर सिकलसेलची सोल्युबिलिटी (विद्राव्यता) चाचणी करायला वीज लागत नाही, यंत्रही नाही. लागतं ते ताजं द्रावण, आणि घोळ बहुतेक तिथेच होतो.

१०० मिलि द्रावणासाठी डिस्टिल्ड पाण्यात याच क्रमाने विरघळवा: निर्जल डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट २१.५ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १६.९ ग्रॅम, सोडियम डायथायोनाइट ०.५ ग्रॅम, सॅपोनिन ०.१ ग्रॅम. मग पाणी घालून १०० मिलि करा. सॅपोनिन घातल्यावर जोरात हलवू नका, फेसच फेस होतो. सॅपोनिन तांबड्या पेशी फोडतं, डायथायोनाइट हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन ओढून घेतं. ऑक्सिजन गेलेलं हिमोग्लोबिन एस, म्हणजे सिकलसेलमधलं सदोष हिमोग्लोबिन, या दाट फॉस्फेटात विरघळत नाही, म्हणून नळी गढुळते.

डायथायोनाइटची बरणी उघडी राहिली की हवा आणि ओल लागून भुकटी निकामी होते. मग वाहकाचं (सिकलसेलचं एकच जनुक असलेल्या, स्वतः आजारी नसलेल्या माणसाचं) रक्तही नितळ दिसतं आणि कुणाला शंका येत नाही. तयार द्रावण ४ अंशांवर ७ दिवस टिकतं. बाटलीवर तारीख हवीच. खानदेशातल्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत ते ठेवणं म्हणजे फेकून देणंच. बर्फाच्या पेटीतून न्या, पण वापरण्याआधी नळीतलं द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

१२ × ७५ मिमीच्या नळीत २ मिलि द्रावण, त्यात बोटातलं २० मायक्रोलिटर रक्त. मिसळा, ५ मिनिटं थांबा. नळीमागे सुमारे अडीच सेंमीवर काळ्या बारीक रेघांचा पांढरा कागद धरा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. रोज पहिल्या दोन नळ्या माहीत असलेल्या रक्ताच्या: एक वाहकाची, एक निरोगी माणसाची. रुग्णाचं रक्त या कंट्रोलला, म्हणजे द्रावण पडताळायच्या नळीला, घेऊ नका. ते अर्धमेल्या द्रावणातही गढुळतं आणि फसवतं.

हिमोग्लोबिन दर १०० मिलि रक्तात ७ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्त ४० मायक्रोलिटर घ्या, नाहीतर खोटा निगेटिव्ह येतो. सहा महिन्यांखालचं बाळ किंवा गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलेला माणूस असेल तर ही चाचणी नकोच. रक्तात चरबी खूप असली तरी नळी गढूळ दिसते.

पॉझिटिव्हवरून वाहक की रुग्ण हे कळत नाही. ईडीटीए नळीत (रक्त गोठू न देणाऱ्या) २ मिलि रक्त घेऊन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीला पाठवा. तोवर घरच्यांना एवढंच सांगा, की आणखी एक तपासणी बाकी आहे. नळीवर नावासोबत वडिलांचं नाव आणि पाडाही लिहा. एकाच पाड्यावर वसावे आणि पाडवी कितीतरी निघतात.