रस्त्यालगत आत चौक असलेलं बैठं घर बांधताय? या चुका टाळा

कोल्हापुरातल्या राजारामपुरीसारख्या गजबजलेल्या भागात प्लॉट असला की पहिली मागणी ठरलेली: 'कंपाउंड वॉल उंच घ्या.' चूक इथूनच सुरू होते. कंपाउंडच्या उंचीला नियमाची मर्यादा आहे, आणि बसमधला माणूस तिच्यावरून सरळ आत बघतो. आडोसा घराच्याच भिंतीनं करायचा. बाथरूम, कोठीची खोली रस्त्याकडे. सोपा म्हणजे बसायची पडवी, स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या चौकाकडे, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या अंगणाकडे. रस्त्याकडची भिंत 9 इंची, खिडकी लागलीच तर 7 फुटांच्या वर. एवढं करून एसीच्या पाइपचं भोक उघडं राहिलं, तर हॉर्न तिथूनच घरात येतो. झाडांच्या एका ओळीनं नजर अडते, आवाज नाही.

दार चौकाच्या सरळ रेषेत नको. वाड्याच्या देवडीसारखं एक वळण द्या, म्हणजे दार उघडल्यावर कुरियरवाल्याला घरातली पंगत दिसणार नाही.

खरा घात मात्र पाण्यानं होतो. 12 बाय 15 फुटांचा चौक, आणि आत उतरणारं 1,000 चौरस फूट छप्पर. दिवसात 100 मिलिमीटर पाऊस झाला, तर चौकात जवळपास 11,000 लिटर पाणी येतं. त्याला एकच 3 इंची पाइप ठेवणारे महाभाग आहेत! पानं अडकली की संपलं. जाळीची दोन तोंडं ठेवा, चौक सोप्यापेक्षा 6 इंच खाली घ्या, आणि जोत्याची उंची ठरवण्याआधी बाहेरच्या गटाराची पातळी मोजा. 40 फूट पाइपला 100 ला 1 उतार दिला तरी 5 इंच उंची त्यातच जाते. त्यात डांबराच्या प्रत्येक थरानं रस्ता वर येतो. घर झालंय आणि पाणी तुंबतंय? छपराच्या कडेला पन्हळ लावून निम्मं पाणी बाहेरच्या बाजूला वळवा. उरलेल्यासाठी खड्डा आणि पंप.

चौक अरुंदही नको. डिसेंबरात भर दुपारी 11 फुटी दक्षिण भिंतीची सावली 9 फुटांवर पडते. उत्तर-दक्षिण 9 फुटांचाच चौक असेल, तर पापड वाळवायला गच्ची गाठावी लागेल.

आणि शेजारी आज बैठा असला तरी उद्या तीन मजले चढवणारच, हे धरून चाला. वरून नजर पडू नये म्हणून निम्म्या चौकावर मांडव घालून जुई चढवा, पण मांडवाचे खांब आताच पायासकट घ्या. नंतर फरशी फोडताना पाइपही फुटतो.