जुनी एमजी टीडी उभी करायची असेल तर आधी लाकूड बघा

घरी ताडपत्रीखाली एमजी टीडी, म्हणजे ती जुनी दोन सीटची इंग्लिश स्पोर्ट्स गाडी, पडून असेल आणि आता ती रोडवर आणायचं मनात असेल तर भाऊ एक ऐका, आधी डेंटर-पेंटरकडे जाऊ नका. मला विचारणारा जो तो पहिलं रंगाचंच विचारतो, लाल करू की ते जुनं हिरवं, पण या गाडीची बॉडी म्हणजे नुसता पत्रा नाही. खाली लोखंडी चासी, तिच्यावर अ‍ॅश लाकडाची चौकट आणि त्या चौकटीवर खिळ्यांनी ठोकलेला पत्रा. १९४९ ते १९५३ मध्ये इंग्लंडला अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात अशा २९,६६४ टीडी बनल्या आणि सगळ्या अशाच आहेत, लाकूड गेलं की वरून किती पण पुट्टी भरा, दोन पावसाळ्यांत भेगा परत दिसतात.

आमची १९५१ ची, इथे नागपूरला. आम्ही पण आधी रंगच केला होता, आणि एका वर्कशॉपवाल्याने सडलेल्या लाकडावर सरळ पुट्टी मारून, पॉलिश करून गाडी चकाचक दिली होती. टीडीच्या दाराच्या बिजागऱ्या मागे असतात, दार पुढच्या बाजूने उघडतं, म्हणजे चालत्या गाडीत लॅच सुटला की वारा दार दाबत नाही, उलट ओढून पूर्ण उघडतो. काटोल रोडवर पन्नासच्या स्पीडला बायकोच्या बाजूचं दार असंच सुटलं, तिने डॅशबोर्डचा कडा धरला म्हणून वाचली. घरी येऊन पाहिलं तर लॅच ज्या पट्टीत अडकतो तिचे स्क्रू बोटाने बाहेर आले, मागचं लाकूड भुश्यासारखं झालं होतं. त्या दिवसापासून मी सगळ्यांना हेच सांगतो.

तर सुरुवात अशी करा. सीट, कार्पेट, खालच्या प्लायच्या फळ्या सगळं बाहेर काढा आणि हातात एक टोचणी घ्या. दाराच्या खालची लांब आडवी पट्टी, बिजागऱ्यांचा मागचा खांब, लॅचचा पुढचा खांब आणि काचेच्या खालचा भाग, या चार ठिकाणी टोचून पाहा. चांगल्या लाकडात टोचणी दोन मिलीमीटरवर अडते, गेलेल्या लाकडात गुळात शिरल्यासारखी आत जाते. आपल्याकडे वाळवी आहे म्हणून वरून गुळगुळीत दिसणाऱ्या लाकडावर बोटाने वाजवून पण पाहा, पोकळ आवाज आला की समजा आत काही उरलं नाही.

अ‍ॅश इकडे मिळत नाही, आणि मला वाटते मागवायची गरजही नाही, विदर्भात सागवान असताना. लकडगंजमध्ये बल्लारशाचं सागवान मिळते, पण ताजं कापलेलं घेऊ नका, मे महिन्यात ते आकसते आणि दाराची फट उघडते. आम्ही महालातल्या एका पाडलेल्या वाड्याची जुनी तुळई घेतली, एवढी वर्षं वाळलेलं लाकूड, ते आता कुठे हलणार. सागवानात तेल असते म्हणून इपॉक्सी लावायच्या आधी जोडाच्या दोन्ही बाजू अ‍ॅसिटोनने पुसायच्या आणि लगेच चिकटवायचं, नाहीतर जोड सहा महिन्यांत सुटतो. स्क्रू पितळीच. जवसाचं तेल शेवटी, चिकटवण्याच्या आधी नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पूर्ण चौकट एकदम काढणं. तसं केलं की गाडीचा आकारच हरवतो आणि कोणता सुतार तो परत आणू शकत नाही. दाराच्या मोकळ्या जागेत आडवी लोखंडी पट्टी बोल्ट करून ठेवा, एका बाजूचं काम करा, जुना तुकडा सडका असला तरी फेकू नका, तोच साचा. नवीन तुकडा आधी कोरडा बसवा, दार लावा, उघडा, बंद करा, चारही बाजूंच्या फटीत दोन नाणी एकावर एक ठेवून फिरवा, सारखी फिरली तरच डिंकाचा डबा उघडा. आमचे सुतारकाका एका दारासाठी अकरा दिवस बसले होते आणि त्यातले आठ दिवस हेच करून राहिले होते.

लाकूड झालं की इंजिन. १२५० सीसीचं एक्सपॅग इंजिन, त्याचे आटे मेट्रिक आहेत पण बोल्टचं डोकं व्हिटवर्थ साइजचं, म्हणजे जुन्या इंग्लिश मापाचं. कारण मॉरिसने, म्हणजे एमजीच्या मूळ कंपनीने, १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीचा हॉचकिस नावाच्या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना घेतला होता, तिथली मशिनं फ्रेंच आट्याची, आणि डोकी मात्र इंग्लिश पान्याला बसणारी ठेवली. म्हणून मिलीमीटरचा पाना लावून बोल्टची डोकी गोल करू नका, व्हिटवर्थचा सेट घ्या, इतवारीत लोहा ओळीला विचारत फिरलं तर जुना मिळू शकतो. टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट, जुन्या कॅमला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टला) ०.०१९ इंच, नंतरच्या कॅमला ०.०१२, आपल्या इंजिनात कोणता कॅम आहे ते कळल्याशिवाय हात लावू नका. आणि मागून थोडं ऑइल टपकलं म्हणून इंजिन उतरवू नका, तिथे रबर सील नाहीच, शाफ्टवरचा आटा ऑइल मागे ढकलतो, उभ्या गाडीतून थोडं येणारच.

ब्रेकला मात्र काटकसर नको. चारही चाकांना एकच सर्किट आहे, एक पाइप फुटला की पेडल जमिनीला टेकते. मास्टर सिलिंडर पायाखालच्या फळीखाली असतो, त्याला आतून गंजाने खाल्लेलं असतं, स्टीलची स्लीव्ह टाकून घ्या, सगळे रबर होज नवीन.

आता नागपूरचं ऊन. टीडीचा रेडिएटर प्रेशरवाला नाही, म्हणजे पाणी शंभरलाच उकळते, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ असते. रेडिएटर खोलून रॉड मारून घ्या, ब्लॉकमधला गाळ काढा, बोअरचं पाणी अजिबात भरू नका, डिस्टिल्ड आणि कूलंट. इंजिनचं टायमिंग मागे असेल, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, तरी गाडी गरम होते, ते पण पाहा. दुसरा त्रास पेट्रोलचा, आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येते, इथेनॉल ७८ डिग्रीलाच उकळते आणि टीडीचा एसयू कंपनीचा पेट्रोल पंप इंजिनच्या खोलीतच बसवलेला, म्हणून दुपारच्या ट्रॅफिकमध्ये पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते. पाइप इथेनॉल सहन करणारे टाका, एक्झॉस्टच्या बाजूने पत्र्याची आड द्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा कारण इथेनॉल पाणी ओढते.

चावी फिरवली की पंप टिकटिक करतो आणि कार्बोरेटर भरले की थांबतो. थांबलाच नाही तर फ्लोटची सुई गळत आहे किंवा टाकी रिकामी आहे, हा आवाज ओळखायला शिका.

दोन एसयू कार्बोरेटर जुळवायला मशीन लागत नाही, कान लागतो. इंजिन गरम करा, अर्धा हात रबरी नळी घ्या, एक टोक कानाला, दुसरं एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी, दोन्हीकडे फुस्स आवाज सारखा यायला पाहिजे. मग एकाचा पिस्टन पातळ स्क्रूड्रायव्हरने जेमतेम एक मिलीमीटर उचला. इंजिनचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, पडून बंद झालं तर कमी, किंचित वाढून परत जागेवर आला तर बरोबर. कार्बोरेटरच्या खालचा नट वर घेतला की पेट्रोल कमी, खाली घेतला की जास्त, एका वेळी नटाची एकच बाजू पुढे जाईल एवढंच फिरवा.

बॅटरीचं प्लस बॉडीला आहे, मायनस नाही. बॅटरीवाल्याला हे लिहूनच द्या, वरून टोपणावर लाल रंग मारा, उलटं लागलं तर डायनॅमो गडबडतो.

कागदांचं सोप्पं आहे, ५० वर्षांवरची गाडी २०२१ च्या नियमांत व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरमध्ये व्हीए. रोज ऑफिसला मात्र नेता येत नाही.

झालं की महिन्यातून एक रविवारी पहाटे साडेपाचला काढा, गाडी थंड हवेत भारी चालते. परत आल्यावर चारही ड्रमजवळ हात नेऊन पाहा, एखादा जास्त गरम असेल तर तो ब्रेक अडकून राहिला, आणि गाडी ताडपत्रीखाली जायच्या आधी दोन्ही दारं बंद करून फटीत ती दोन नाणी एकदा फिरवा.