धावत्या गाडीतून सुटलेली वस्तू कुठे पडेल? हिशेब असा मांडा

चालत्या गाडीत चेंडू सरळ वर उडवला की तो पुन्हा आपल्याच हातात येतो. मधल्या वेळात गाडी काही मीटर पुढे गेलेली असते, तरीही. कारण हातातून सुटताना चेंडू गाडीचा वेग सोबत घेऊनच निघतो. हे एकदा मनात पक्कं बसलं की बाकीचा हिशेब चार ओळींचा आहे.

१. बघणारा कोण, ते आधी ठरवा. गाडीत बसलेला की रस्त्याकडेला उभा असलेला? दोघांची उत्तरं वेगळी येतात आणि दोन्ही बरोबर असतात. गोंधळ होतो तो अर्ध्यावर बघणारा बदलल्यामुळे.

२. ताशी किलोमीटरला ३.६ ने भागा, म्हणजे सेकंदाला किती मीटर ते मिळेल. ताशी ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर.

३. आता रस्त्यावरच्या माणसासाठी दोन्ही वेगांची दिशेसकट बेरीज करा. गाडी २० ने चालली आहे आणि चेंडू ५ ने पुढे फेकला, तर २५. मागे फेकला तर १५, आणि तोही पुढच्याच दिशेने! इथे भलेभले अडखळतात. मागे भिरकावलेली वस्तू मागे जायला हवी असं मन सांगत राहतं. पण मागे जाते ती फक्त गाडीतल्या माणसाच्या नजरेत. नेमकी २० ने मागे फेकली, तर रस्त्यावरच्याला ती जागच्या जागी सरळ खाली पडताना दिसेल. गाडीच्या दिशेला आडवी, म्हणजे बाजूला फेकली तर काटकोन त्रिकोण काढा: २० आणि ५ या बाजू, कर्ण साधारण २०.६.

४. पडायला लागणारा वेळ वेगळा काढा. मीटरमधल्या उंचीची दुप्पट करा, १० ने (हा गुरुत्वाकर्षणाचा साधारण आकडा) भागा, वर्गमूळ घ्या. सव्वा मीटरवरून नुसती सोडलेली वस्तू अर्ध्या सेकंदात खाली येते, गाडी उभी असो की धावती. तेवढ्यात ती रस्त्याच्या हिशेबाने १० मीटर पुढे जाते. गाडीतल्याच्या हिशेबाने मात्र हाताच्या बरोबर खाली पडते.

गॅलिलिओने १६३२ मध्ये हाच विचार चालत्या जहाजाचं उदाहरण घेऊन मांडला. १६४० मध्ये फ्रेंच विचारवंत गासेंदीने फ्रान्समधल्या मार्सेल बंदराजवळ चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड टाकून पाहिले. ते डोलकाठीच्या पायथ्याशीच पडले.

हा सगळा हिशेब हवेचा रोध सोडून दिलेला आहे. बंद गाडीत आतली हवाही गाडीसोबतच चालते, म्हणून तिथे तो छान जुळतो. खिडकीबाहेर कागदाचा बोळा सोडला तर समोरून येणारी हवा त्याचा वेग क्षणात खाऊन टाकते. जड वस्तूचं तसं होत नाही. २०० ग्रॅमची बाटली ताशी ७२ च्या गाडीतून ‘अलगद’ सोडली, तरी तिच्यात ४० ज्यूल ऊर्जा असते. समोरून तितक्याच वेगाने येणाऱ्याला ती सेकंदाला ४० मीटर वेगाने भिडते. वेग दुप्पट म्हणून ऊर्जा चौपट, १६० ज्यूल. म्हणून बाहेर काहीही टाकू नका. प्रयोग आतच करा, काचा लावून, आणि तोही प्रवाशाने.

५. पडताळा घ्या. तळाशी खडूने फुली मारा, तिच्या बरोबर वर सव्वा मीटरवर खोडरबर धरा. गाडी सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगाने चाललेली असताना ते सोडा, फुलीवर पडेल. मग गाडीला ब्रेक लागत असताना सोडा. खोडरबर फुलीच्या पुढे, वीतभर लांब पडेल. त्याला कोणी पुढे ढकललेलं नसतं. गाडीचा वेग कमी होत गेला आणि हवेतल्या खोडरबराचा तेवढाच राहिला. ते अंतर मीटरमध्ये मोजून ८ ने गुणा. पाव मीटर भरलं, तर गाडीचा वेग दर सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंद या दराने उतरत होता.